अडतीस युनिटांची शर्यत

२०२३ साली सिंगापुरात वेसाक दिनाची सुट्टी २ जूनला, शुक्रवारी, देण्यात आली. शाळांना जूनची सुट्टी लागलेलीच होती. आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी, ३ आणि ४ जूनला, जकार्तात फॉर्म्युला-ई च्या लागोपाठ दोन शर्यती होत्या. इतके ग्रह पुन्हा कधी जुळून येतील कोण जाणे, म्हणून मी आधी तिकिटं काढली आणि मग घरात सांगितलं. नवऱ्याला मोटारशर्यतीत काडीचाही रस नाही. "गाड्या गोल गोल फिरणार, त्याही आवाज न करता, आणि ते बघायला आपण उन्हात बसायचं?" एवढं म्हणून तो बॅग भरायला लागला. अकरा वर्षांच्या लेकीने मात्र पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "आई, चार्जिंग मध्येच संपलं तर?"

संपतं. कधीकधी शेवटच्या पन्नास मीटरमध्येही संपतं. फॉर्म्युला-ई ज्याला आवडते त्याला ती या एका भीतीपोटी आवडते असं माझं मत आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झालेली ही विजेवरच्या गाड्यांची जागतिक मालिका. सांगाडा, बॅटरी आणि टायर सगळ्या संघांना सारखे. मागची मोटर, तिचा इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि ऊर्जा कुठे किती खर्चायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं. पहिल्या दिवसापासून त्यात महिंद्रा आहे, आणि मी या मालिकेकडे वळले ती त्यामुळेच. संघाचं बिऱ्हाड इंग्लंडात आहे, चालकही बहुतेक परदेशी, पण पहिल्या हंगामात करुण चंडोक होता आणि गाडीवर मुंबईच्या कंपनीचं नाव होतं. परदेशात राहणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. दुसरी शर्यत २२ नोव्हेंबर २०१४ ला मलेशियात पुत्रजयाला झाली. कॉजवे ओलांडला की चार तासांचा रस्ता, पण लेक तेव्हा दोन वर्षांची होती, जमलं नाही. सॅम बर्ड जिंकला, करुण सहावा आला. पुढच्या वर्षी पुत्रजयाला आणखी एक शर्यत झाली आणि मग मालिका तिथे फिरकलीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला झाली तेव्हा रजा मिळाली नाही. म्हणून जकार्ता.

आता लेकीच्या प्रश्नाकडे. २०२३ मध्ये जी गाडी आली तिला जेन-३ म्हणतात. तिच्या बॅटरीतली वापरता येणारी ऊर्जा ३८.५ किलोवॅट-तास. किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचं आपलं युनिट. आमच्या फ्लॅटमध्ये रात्रीचा एसी धरून एवढी वीज साधारण तीन दिवसांत जाते. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही अख्खी बॅटरी पेट्रोलच्या हिशेबात जेमतेम सव्वाचार लिटर. तेवढ्या इंधनावर एखादी साधी हॅचबॅक ऐंशी किलोमीटर जाईलही, पण हायवेवर संथ, एका वेगाने चालवली तर. इथे तेवढंच अंतर शर्यतीच्या वेगाने कापायचं, प्रत्येक फेरीत डझनावारी वळणं घेत, दर वळणाआधी ब्रेक लावत आणि दर वळणानंतर पुन्हा पेटून उठत.

हे जमतं त्याचं एक कारण सोपं आहे. पेट्रोलचं इंजिन आपल्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून उधळतं, चांगली विद्युत मोटर पाच टक्क्यांहून कमी. दुसरं कारण सिंगापुरातल्या इलेक्ट्रिक टॅक्सीत मागे बसून ज्यांना मळमळलंय त्यांना आतून माहीत आहे. टॅक्सीवाले अंकल अॅक्सिलरेटरवरून पाय उचलतात आणि गाडी कुणी मागून सदऱ्याला धरून ओढावी तशी मंदावते. त्या क्षणी मोटरचं जनित्र झालेलं असतं. चाकं तिला फिरवतात, ती वीज करून बॅटरीत ढकलते, आणि त्या कामाचं ओझं चाकांना मागे खेचतं. याला रिजनरेशन म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्येही हे आहेच. नव्या गाड्या स्टेशनात शिरताना ब्रेक लावतात तेव्हा तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते आणि जवळपास त्याच वेळी सुटणाऱ्या दुसऱ्या लोकलच्या कामी येते.

शर्यतीच्या गाडीत हे किती मोठं असतं याचा हिशेब मी विमानात लेकीला रुमालावर करून दाखवला. चालकासकट गाडीचं वजन सुमारे ८४० किलो. ती ताशी २०० किलोमीटर वेगाने येते आणि वळणाआधी ७० वर येते. वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतलं सूत्र दोन्ही वेगांना लावून वजाबाकी केली तर फरक येतो सुमारे ११ लाख ४० हजार ज्यूल, म्हणजे ०.३ युनिटाच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. तेवढ्या उष्णतेत चार लिटर पाण्याला उकळी फुटेल, चांगला तीस कप चहा होईल. एका वळणावर! आणि हे दोन सेकंदांत घडतं, म्हणून ती ऊर्जा गोळा करायला तेवढ्याच ताकदीचं जनित्र लागतं. जेन-३ मध्ये मागची मोटर ३५० किलोवॅट आणि पुढची २५०, मिळून ६०० किलोवॅटने वीज परत घेता येते. गंमत म्हणजे २०२३ च्या नियमांत पुढची मोटर गाडी पळवायला वापरायचीच नव्हती, तिची नेमणूक फक्त वसुलीसाठी. मागच्या चाकांना तर नेहमीचे तेलाचे ब्रेक दिलेलेच नव्हते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतला ४० टक्के भाग अशा वसुलीतून येतो असं संयोजक सांगतात. म्हणजे ३८ युनिटांची साठ-पासष्ट होतात.

तरी पुरत नाहीत. पूर्ण शर्यत पाय दाबून चालवली तर गाडी शेवटाच्या कितीतरी आधी बंद पडेल, आणि ऊर्जा अशी मुद्दामच तोकडी दिलेली असते. मग चालक काय करतो? सरळ रस्त्याच्या टोकाला, ब्रेक लावायच्या आधीच, अॅक्सिलरेटर सोडून देतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे सरळ रस्त्याचा शेवटचा तुकडा सगळ्यात महागडा असतो; तिथे ओतलेल्या ऊर्जेने वेग फारसा वाढत नाही, नुसती हवा ढकलली जाते. शर्यतीत गाडी ३०० किलोवॅटने पळत असताना एक सेकंद आधी पाय उचलला तर ०.०८ युनिट वाचतं. फेरीत चार ठिकाणी असं केलं आणि पस्तीसेक फेऱ्या मारल्या तर अकरा-बारा युनिट. गाडी आधीच मंदावल्याने ब्रेकमधली वसुली घटते, ते यातून वजा करायला हवं, तरीही ही बचत बॅटरीच्या मानाने प्रचंड आहे. आणि त्यासाठी गेलेला वेळ दर वळणाला सेकंदाचा एखादा बारीक तुकडा. पडद्यावर हे दिसतही नाही. दिसते ती फक्त एक गाडी जी वळणावर मागच्यापेक्षा थोडी सुस्त वाटते, आणि दहा फेऱ्यांनंतर कळतं की सुस्त तीच शहाणी होती.

दुसऱ्याच्या मागे लपणं हाही बचतीचाच मार्ग. ईस्ट कोस्ट पार्कला सकाळी एकामागे एक चिकटून जाणारे सायकलवाले पाहिलेत ना, तेच. पुढचा हवा फोडतो, मागचा त्याच्या पोकळीत आरामात येतो. त्यामुळे या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर असणं खर्चिक असतं आणि काही ट्रॅकवर तर आघाडी घ्यायला कुणी राजी नसतं. फॉर्म्युला-वन बघत मोठं झालेल्या माणसाला हे आधी अजिबात पचत नाही. मलाही पचलं नव्हतं.

पचलं ते १७ फेब्रुवारी २०१९ ला, रविवारी पहाटे. मेक्सिको सिटीत अजून शनिवारची दुपार होती. पास्कल वेरलाइन तेव्हा महिंद्राकडे होता, संघासाठी त्याची ती तिसरीच शर्यत. पोलवरून सुटला, पुढे राहिला आणि मागे लुकास दि ग्रासी ऑडीमध्ये अक्षरशः मानेवर. तेव्हा शर्यत ४५ मिनिटं अधिक एक फेरी अशी असायची. ऐकायला साधं, पण यात एक खोडा आहे. घड्याळ शून्यावर आल्यानंतर पुढची गाडी जेव्हा रेषा ओलांडेल तेव्हापासून ती शेवटची एक फेरी. समजा घड्याळात दोन सेकंद उरलेली असताना पुढच्याने रेषा ओलांडली, तर त्याला आणखी एक नव्हे, दोन फेऱ्या माराव्या लागतात. थोडा हळू आला असता आणि शून्य झाल्यावर पोचला असता तर एकच. म्हणजे शर्यत किती लांबीची हे पुढच्या गाडीच्या वेगावर ठरणार, आणि वेग उरलेल्या ऊर्जेवर. एका फेरीला साधारण युनिटभर ऊर्जा लागते. हिशेब एका फेरीने चुकला की संपलं.

त्या दिवशी निसानच्या दोन्ही गाड्यांचा चुकला. शेवटच्या फेरीत दोघींची बॅटरी रिकामी झाली आणि त्या जागच्या जागी विझल्या. वेरलाइनचा हिशेब बरोबर होता, जवळजवळ. शेवटचं वळण घेतलं, समोर रेषा, आणि गाडीतली धाप संपली. रेषेच्या तोंडाशी दि ग्रासी बाजूने आला आणि ०.२१ सेकंदाने जिंकला. वर वेरलाइनला आधीच्या एका वळणावरच्या चुकीबद्दल पाच सेकंदांचा दंड झाला आणि तो सहावा ठरला. मी सकाळी सात वाजता हॉलमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडले की नवरा धावत आला. त्याला वाटलं गावाकडून फोन आला.

पुढे वेरलाइन पोर्शेकडे गेला. २०२१ ला प्वेब्लात पहिला येऊनही संघाने टायरची नोंद नीट न केल्यामुळे बाद झाला, आणि विजय मिळाला कुणाला, तर पुन्हा दि ग्रासीला. हे सगळं डोक्यात घेऊन मी जकार्ताला निघाले होते. त्यात २०२३ ला दि ग्रासी महिंद्राकडे आलेला! ज्याने आमच्या तोंडचा घास काढला त्याच्यासाठीच आता टाळ्या वाजवायच्या.

जकार्ताचा ट्रॅक शहराच्या उत्तरेला अंचोलला, समुद्राकाठी आहे. शेजारीच दुफान नावाचं मोठं मनोरंजन उद्यान, त्यामुळे नवऱ्याची आणि लेकीची सोय झाली. ट्रॅकची आखणी कुडा लुम्पिंग या जावातल्या नाचातल्या घोड्यावरून केलेली आहे. वेताच्या चटईचा घोडा कमरेला बांधून हा नाच करतात. नकाशात घोडा मला काही केल्या दिसेना, लेकीला लगेच दिसला. आमच्या जागेवरून प्रत्यक्षात जेमतेम दोनशे मीटर रस्ता दिसत होता. बाकी सगळं मोठ्या पडद्यावर. शर्यत बघायला घरची खुर्चीच बरी, हे मान्य करून टाकते.

पण खुर्चीवर ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येतं. मरीना बेला पूर्वी रात्रीच्या शर्यतीला आम्ही कानात बोळे घालून बसायचो. इंजिनाचा आवाज बरगड्यांत घुमायचा. २०१४ ला हायब्रिड इंजिनं आली आणि तो आवाज बसला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हळहळ केली होती. जकार्तात बोळे पर्समध्येच राहिले. गाडी येते ती एखाद्या मोठ्या मिक्सरसारखी किंचाळत. तो आवाज मुख्यतः गिअरच्या दात्यांचा. मोटरचे फेरे वाढतात तसा सूर चढतो, ब्रेक लागला की उतरतो, आणि गाडी समोरून निघून गेली की डॉप्लर परिणामाने एकदम खाली येतो. त्याखाली टायरची कुरकुर, आणि कधी दोन गाड्यांचे पत्रे घासल्याचा खर्रकन आवाज, जो पेट्रोलच्या शर्यतीत कधी कानावर पडलाच नसता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या सुरावरून पाय कुठे उचलला ते कळतं. डोळे मिटले तरी! चढता सूर मध्येच सपाट होतो, क्षणभर लोंबकळतो, मग उतरतो. तो लोंबकळणारा क्षण म्हणजे बचत. पहिल्या सरावातच लेकीने हे पकडलं आणि मग ती प्रत्येक गाडीला "कंजूष" किंवा "उधळ्या" म्हणत बसली.

उकाडा सिंगापूरसारखाच, पण सावली कमी. पारा तिशीच्या पुढे, हवा ओली, घाम सुकायचं नाव नाही. आणि आपल्याला होतं तेच बॅटरीला होतं. ६०० किलोवॅटने वीज परत घेताना बॅटरीतून सातशे अँपिअरच्या घरात प्रवाह जातो. घरातल्या एसीला दहासुद्धा लागत नाहीत. प्रवाह दुप्पट झाला की तारेत आणि सेलमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. ती बाहेर टाकायची तर बाहेरची हवा थंड हवी, आणि जकार्तात दुपारी तीन वाजता ती कुठून आणायची? सेल फार तापले की सॉफ्टवेअर स्वतःच ताकद कमी करतं, नाहीतर सेल कायमचे बिघडतील. त्यामुळे इथे चालकाला दोन हिशेब सांभाळावे लागतात, टक्क्यांचा आणि तापमानाचा, आणि गोम अशी की जोरदार वसुली केली तर टक्के वाचतात पण बॅटरी तापते. सुरुवातीच्या हंगामांत संघ दोन सत्रांच्या मध्ये कोरड्या बर्फाने बॅटऱ्या गार करायचे, उणे ७८ अंशांच्या. आमच्याकडे मात्र कोमट झालेला तेह बोतोल होता आणि नवऱ्याने आणलेला ओला टॉवेल.

शनिवारी पोल मिळाला मासेरातीच्या मॅक्सिमिलियन ग्युंथरला. मला अर्थात वेरलाइन आणि महिंद्रा बघायचे होते. महिंद्राकडे बघण्यासारखं फार नव्हतं. जानेवारीत मेक्सिकोला दि ग्रासीने पोल आणि तिसरा क्रमांक मिळवून आशा लावली होती, पण फेब्रुवारीत केपटाउनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेची शंका आल्याने संघाने दोन्ही गाड्या मागे घेतल्या, आणि महिंद्राचंच तंत्र वापरणाऱ्या आप्ट संघालाही घ्याव्या लागल्या. मग ऑलिव्हर रोलंड संघ सोडून गेला आणि त्याच्या जागी रोबेर्तो मेर्ही जकार्ताला पहिल्यांदाच गाडीत बसला होता. आमच्या पुढच्या रांगेत महिंद्राची लाल टोपी घातलेला एक मुलगा होता. आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसलो, रणजीत मुंबई फॉलोऑनला गेल्यावर ट्रेनमध्ये अनोळखी माणसं हसतात तसं.

शर्यतीत अटॅक मोड नावाची एक गोष्ट असते. चालकाने मुद्दाम चांगली रेघ सोडून वळणाच्या बाहेरच्या पट्ट्यावरून जायचं, थोडा वेळ गमवायचा, आणि त्या बदल्यात ३०० ऐवजी ३५० किलोवॅट मिळवायचे. त्या वर्षी एकूण चार मिनिटं, दोन हप्त्यांत. जास्त ताकद मिळते, जास्त ऊर्जा नाही, म्हणून ती घेणाऱ्याचे टक्केही भराभर घसरतात. टीव्हीवर हा प्रकार मला नेहमी व्हिडिओगेमसारखा वाटायचा. प्रत्यक्षात मात्र वेरलाइन त्या पट्ट्यावर जाऊन परत कुठे शिरतो हे बघताना मी लेकीचा हात दाबून धरला होता. तो ग्युंथरच्या पुढे निघाला. मागे जेक डेनिस चिकटला. लेक मोबाइलवर आकडे वाचत होती आणि मी तिला वाचू नको म्हणत होते. शेवटच्या तीन फेऱ्या माझ्या डोळ्यांसमोर मेक्सिकोच होतं. समोरून जाताना त्याचा सूर प्रत्येक वेळी तसाच सपाट होऊन लोंबकळायचा. घाई नाही, घबराट नाही. शेवटच्या फेरीला तो सूर ऐकून मी शांत झाले. ज्याच्याकडे काही शिल्लक नाही तो असा पाय उचलत नाही. वेरलाइन पहिला, डेनिस दुसरा, ग्युंथर तिसरा. चार वर्षांपूर्वीची ती पहाट अखेर उतरली. गाडी पोर्शेची होती हा एवढा तपशील सोडला तर.

रविवारी ग्युंथरने पोल पुन्हा घेतला आणि या वेळी सोडला नाही. एकेरी आसनाच्या गाड्यांच्या जागतिक मालिकेत मासेरातीचा हा १९५७ नंतरचा पहिला विजय, त्या वर्षी फांजिओने न्यूरबर्गरिंगला मिळवला होता. नवऱ्याला फांजिओ हे नाव माहीत होतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. जुलैत लंडनला विजेतेपद मात्र डेनिसने नेलं, आणि हंगाम संपला तेव्हा अकरा संघांत महिंद्रा दहावा आणि आप्ट अकरावा.

परतीच्या विमानात लेकीने पुन्हा रुमाल मागितला. "आई, आपलं विमान किती युनिट खातं?" मी टाळायला बघत होते, पण हिशेब सुरू तिनेच केला होता. जकार्ता ते सिंगापूर नऊशे किलोमीटर. अशा विमानाला तेवढ्या अंतरासाठी माणशी ढोबळमानाने पंचवीस लिटर इंधन लागतं, एका लिटरमध्ये साडेनऊ युनिट, म्हणजे माणशी एका बाजूला सुमारे २४० युनिट. तिघांचं, जाऊन-येऊन, चौदाशेच्या वर. शनिवारच्या शर्यतीत होत्या बावीस गाड्या, प्रत्येकी ३८.५, एकूण साडेआठशेच्या आत. म्हणजे अख्ख्या शर्यतीने जेवढी ऊर्जा घेतली त्याच्या दीडपटीहून जास्त आम्ही ती बघायला जाण्यात खर्चली. आणि तशा प्रेक्षकांचं एक आख्खं विमान भरलेलं होतं. गाड्या आणि सगळा लवाजमा देशोदेशी हलवायचा खर्च वेगळाच. ट्रॅकवरची वीज किती हिरवी यावर संयोजक बरंच बोलतात, त्यात खोटं नाही, पण मोठा आकडा ट्रॅकबाहेर आहे. लेकीने विचारलं, "मग आपण नको होतं का जायला?" मी म्हटलं, मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही. त्यानंतर मात्र आम्ही एकही शर्यत विमानाने जाऊन पाहिलेली नाही. यात तत्त्व किती आणि तिकिटांचे दर किती, ते विचारू नका.

२०२४ ला हैदराबादची शर्यत रद्द झाली आणि जकार्ताचीही झाली नाही. २०२५ पासून काही शर्यतींत मध्येच चार्जिंग आलं. पिटमध्ये तीस सेकंद थांबायचं, ६०० किलोवॅटचा चार्जर, ३.८५ युनिट बॅटरीत, म्हणजे बरोबर दहा टक्के. लेकीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमावलीत यायला असा वेळ लागला. २१ जून २०२५ ला मालिका जकार्ताला परतली तेव्हा एकच शर्यत होती आणि हे चार्जिंग तीत नव्हतं. आम्ही घरीच, एसी लावून, टीव्हीसमोर. डॅन टिकटम जिंकला. त्याच्या मागे दुसरा आला एदोआर्दो मोर्तारा, महिंद्राकडून, त्याच अंचोलच्या ट्रॅकवर. त्या हंगामात महिंद्रा संघ चौथा ठरला.

मी ओरडले. नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत आला, पडद्यावरची लाल गाडी बघितली आणि पहिल्यांदाच शर्यतीबद्दल काहीतरी विचारलं. "शेवटी किती टक्के उरले होते?"

लेकीने रिमोट घेतला आणि शेवटची फेरी मागे नेली.